तिची गोष्ट आणि तुमच्या बहिणीची वही

‘माझी धाकटी बहीण २२ वर्षांची आहे. बी. फार्मच्या परीक्षेच्या तोंडावर तिची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, आईलाही ओळखेनाशी झाली. मला वाटले, अभ्यासाचा ताण आहे. मी फोनवरून तिला फार रागावले. मावशीच्या मते तिला बाहेरचे झाले होते आणि चार दिवस त्यात गेले. मग आकडी आली. पुण्याच्या रुग्णालयात पाठीतले पाणी तपासल्यावर कळले, की शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर हल्ला केला आहे. ती ४१ दिवस रुग्णालयात होती. आईच्या पाटल्या मोडल्या, बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. घरी येऊन आता पाच महिने झाले. ती चालते, जेवते, सगळ्यांना ओळखते; पण तिला शब्द सापडत नाहीत, ती पटकन चिडते, दुपारभर झोपते. याच आजारातून उठलेल्या एका अमेरिकी पत्रकार तरुणीचे अनुभवकथन मी तीन रात्रींत वाचून काढले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला धीर आला. ते पुस्तक मी गावी नेऊन बहिणीला दिले. म्हटले, “बघ, ही सात महिन्यांत कामावर परत गेली.” तिने दोन पाने चाळली, पुस्तक बाजूला ठेवले आणि म्हणाली, “ती बरी झाली. मी नाही.” पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नातेवाईक तिच्या लग्नाचा विषय काढतात, तेव्हा काय सांगावे तेही कळत नाही. मध्यंतरी आई सांगत होती, की हिने स्वतःहून चहा केला, साखरेऐवजी मीठ घातले आणि पहिला घोट घेऊन स्वतःच हसली. मी काय करू? पुस्तक पुन्हा वाचायला देऊ का? की दुसऱ्याच्या गोष्टीतून धीर घेणेच चुकीचे आहे?’

— एक मोठी बहीण, चिंचवड

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. दुसऱ्याच्या गोष्टीतून धीर घेणे मुळीच चुकीचे नाही. रुग्णालयातले ४१ दिवस आणि त्यानंतरचे हे पाच महिने ज्या घराने काढले, त्या घरातल्या माणसाला कुठून तरी बळ मिळालेच पाहिजे, आणि तुम्हाला ते त्या पुस्तकात मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु तो धीर तुम्हाला मिळालेला आहे. तो उचलून जसाच्या तसा बहिणीच्या ओंजळीत घालता येणार नाही. पुस्तक आत्ता पुन्हा तिच्या हाती देऊ नका. तुमच्याजवळ जपून ठेवा. त्याची वेळ येईल, आणि ती कशी ओळखायची तेही पुढे सांगते.

“ती बरी झाली. मी नाही.” हे वाक्य तुम्हाला फार लागले आहे, हे पत्रातून कळते. मी मात्र ते पुन्हा पुन्हा वाचले, तेव्हा मला त्यात दुःखाबरोबर आणखीही काही ऐकू आले. जिला शब्द सापडत नाहीत, त्या मुलीने दोन छोटी आणि अचूक वाक्ये बोलली, दोन माणसांची तुलना केली आणि आपण आज कुठे आहोत हे न चुकता सांगितले. रुग्णालयात असताना आपण आजारी आहोत एवढे तरी तिला उमगत होते का? आज ते उमगते, आणि म्हणूनच ते दुखते. मेंदूच्या आजारातून उठणाऱ्या माणसाला आपल्यातल्या उणिवा दिसू लागतात, तो काळ घरच्यांना मागे गेल्यासारखा वाटतो, कारण आधी शांत असलेले माणूस रडू किंवा चिडू लागते. तो काळ पुष्कळदा मागे जाण्याचा नसतो. पाहणारी बुद्धी परत आल्याखेरीज उणीव दिसत नाही. अर्थात, उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तिने जेवण टाकले किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे ती बोलू लागली, तर ते तिच्या डॉक्टरांना विनाविलंब सांगायलाच हवे. आजारानंतरच्या नैराश्यावरही उपचार असतात.

आता त्या अनुभवकथनाकडे येते. ते ज्यांनी वाचलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुझाना कॅहलन ही न्यू यॉर्क पोस्ट या दैनिकातील वार्ताहर २००९ साली २४ वर्षांची होती. घरात ढेकूण झाले आहेत आणि ते आपल्याला चावत आहेत, अशी तिची खात्री होऊन बसली. पुढे अंगाच्या डाव्या बाजूला बधिरपणा आला, झोप गेली, संशय वाढला, आकडी आली आणि अखेर तिला रुग्णालयात ठेवावे लागले. तपासण्या सुरुवातीला निर्दोष येत राहिल्या. एका डॉक्टरांनी तर हे सारे अति मद्यपानाचे परिणाम आहेत असे ठरवून टाकले होते. मग सुहेल नज्जार हे मेंदूविकारतज्ज्ञ आले. त्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितले. तिने वर्तुळ काढले आणि एक ते बारा हे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने लिहिले. डावा अर्धा भाग कोरा राहिला. त्या कोऱ्या अर्ध्या भागावरून डॉक्टरांनी ओळखले, की मेंदूच्या उजव्या बाजूला सूज आहे आणि हा केवळ मनाचा आजार नाही. लाखो डॉलरच्या तपासण्यांना जे दिसले नव्हते, ते कागद आणि पेनाने दाखवले. निदान झाले ते अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस या आजाराचे, म्हणजे तुमच्या पत्रातील बहिणीच्या वर्णनाशी जुळणाऱ्या आजाराचे. २०१२ साली तिचे ‘ब्रेन ऑन फायर’ हे पुस्तक आले.

तुम्हाला या गोष्टीत तिचे कामावर परतणे सर्वांत मोठे वाटले. ते स्वाभाविक आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच एका गोष्टीवर खिळले. जो महिना हा त्या पुस्तकाचा गाभा आहे, तो लेखिकेला जवळजवळ आठवतच नाही. स्वतःच्या आयुष्यातील तो काळ तिला एखाद्या अनोळखी माणसाची बातमी शोधावी तसा शोधावा लागला: रुग्णालयाच्या नोंदी, खोलीत लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण, डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या मुलाखती. आणि त्याबरोबर एक वही. तिच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला होता, त्यांच्यात फारसे बोलणे नव्हते, तरीही मुलीच्या उशाशी आळीपाळीने बसणाऱ्या त्या दोघांनी एक सामाईक वही ठेवली होती, म्हणजे एकाने काय पाहिले ते दुसऱ्याला कळावे. वडील शिवाय स्वतःची रोजनिशी लिहीत होते. मुलीचे हरवलेले दिवस त्या वहीमुळे तिला परत मिळाले. धीर देणारे पुस्तक म्हणून तुम्ही जे वाचले, त्याचा मोठा भाग अशा रीतीने तिच्याजवळ बसलेल्या माणसांनी आधीच लिहून ठेवला होता.

तुम्ही घ्यायची ती प्रेरणा माझ्या मते इथे आहे. सुझानाला किती महिने लागले ते बाजूला ठेवा आणि तिच्या आईवडिलांनी काय केले ते उचला. कारण पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही आणि दुसरी आहे.

महिन्यांचा हिशोब का धरू नये, तेही नीट सांगते, म्हणजे माझे म्हणणे नुसता उपदेश वाटणार नाही. हा आजार म्हणजे काय, तर शरीराने परक्या जंतूंसाठी बनवायची प्रतिपिंडे स्वतःच्याच मेंदूपेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर) जाऊन बसतात आणि ते ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावरून कमी होतात. शिकणे आणि आठवण साठवणे या कामांत या ग्राहकांचा मोठा वाटा असतो. तुमच्या बहिणीला ते दिवस आठवत नसतील, तर त्याचे कारण हेच आहे. आठवणी बनतच नव्हत्या, त्यामुळे तिच्यावर जोर देऊन त्या बाहेर येणार नाहीत. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतिपिंडे २००७ साली वैद्यकीय जगापुढे मांडली. त्याआधी अशा कितीतरी मुली वेड्या ठरल्या असतील, कितींना मांत्रिकाकडे नेले असेल, याचा विचार मनात आला की माझा जीव कळवळतो.

२०१३ साली या आजाराच्या ५७७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपर्यंत ज्यांची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण बरे झाले होते किंवा थोड्याशा उणिवांसह आपले आपण जगू शकत होते. ही संख्या मोठी आहे आणि ती तुम्ही आईबाबांना अवश्य सांगा. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या बहिणीसाठी मला अधिक मोलाची वाटते: सुधारणा पहिल्या काही महिन्यांत थांबली नव्हती, ती लक्षणे सुरू झाल्यापासून दीड वर्षापर्यंत होत राहिलेली दिसली. तुमच्या बहिणीला घरी येऊन पाच महिने झाले आहेत. परीक्षेचा निकाल लावावा असे हे पाच महिने नव्हेत. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. हा आजार ज्या क्रमाने चढतो, साधारण त्याच्या उलट क्रमाने उतरतो. श्वास, झटके, शरीराची हालचाल या गोष्टी आधी स्थिरावतात. बोलणे पुढे सुधारते. आणि रागावर ताबा, एकापाठोपाठ एक कामे आखणे, चारचौघांत वागण्याचे भान या गोष्टी सर्वांत शेवटी परत येतात. ती पटकन चिडते, असे तुम्ही लिहिले आहे. रागावरचा ताबा या क्रमात अजून यायचा आहे.

सुझानाचे सात महिने तुम्ही बहिणीपुढे ठेवलेत. कामावर परतल्यावरही आपण लगेच पूर्वीसारखे झालो, असे ती म्हणत नाही. तो काळही तिला चाचपडतच काढावा लागला. आणि दुसरे एक अनुभवकथन सांगते. जिल बोल्टे टेलर या अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ महिलेला १० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या ३७व्या वर्षी, मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला. बोलणे, वाचणे, लिहिणे सारेच गेले. त्यांची आई त्यांच्याजवळ येऊन राहिली आणि लहान मुलाला शिकवावे तसे तिने मुलीला सारे पुन्हा शिकवले. पूर्ण बरे व्हायला आठ वर्षे लागली, असे त्या सांगतात. आजार निराळा आहे, तुलना मला करायची नाही. एका गोष्टीत सात महिने आहेत आणि दुसरीत आठ वर्षे, आणि दोन्ही गोष्टी उभारी देणाऱ्याच आहेत, एवढेच मला तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

आणखी एक बोलायला हवे. अशी पुस्तके जे आजारातून वाचले आणि ज्यांना पुन्हा लिहिता आले, त्यांनीच लिहिलेली असतात. सुझानाच्या उपचारांचा खर्च सुमारे दहा लाख डॉलर झाला होता. तिच्यामागे विमा होता, दोन घरे होती, योग्य वेळी आलेला एक डॉक्टर होता. तुमच्या बहिणीमागे आईच्या पाटल्या होत्या. म्हणून सुझानाची गोष्ट खोटी ठरत नाही आणि तुमची लहानही ठरत नाही. पण “तिने जिद्द दाखवली म्हणून ती बरी झाली” असा अर्थ कोणी काढला, तर तो घरात टिकू देऊ नका. कारण त्याची दुसरी बाजू आजारी मुलीला लगेच ऐकू येते, की मी बरी झाले नाही म्हणजे माझीच जिद्द कमी पडली. पाटल्यांविषयीही तिच्यासमोर हळहळ नको. तिने स्वतः विचारले, तर आईंनी सरळ सांगावे, “हो, मोडल्या. त्यासाठीच त्या होत्या.”

आता वहीविषयी. माझ्या थोरल्या भावाला मेंदूज्वर झाला होता. तो घरी आला, तेव्हा हाताला कापरे होते आणि दिवस-वार कळत नव्हते. माझ्या वहिनी काही लिहिण्यावाचण्यातल्या नव्हत्या, पण स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयवर त्या रोज दुधाचा हिशोब मांडत, आणि त्याच चौकोनांत, ‘खाडा’ किंवा ‘एक लिटर’च्या बाजूला, बारीक अक्षरांत एखादी ओळ लिहू लागल्या: ‘वरचे बटण स्वतः लावले.’ ‘रात्री दोनदा उठले, मला हाक मारली नाही.’ ‘आज मंगळवार म्हणाले, होता बुधवार.’ कुठेही ‘सुधारणा’, ‘छान’, ‘वाईट’ असा शब्द नव्हता. तपासणीला जाताना त्या कॅलेंडरची पाने काढून पिशवीत घालून नेत, आणि डॉक्टर इतर सगळे कागद बाजूला सारून आधी ती पाने मागत. मंगळवार-बुधवारचा घोळ किती आठवड्यांनी मिटला, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते. ते त्या दुधाच्या हिशोबात होते. भाऊ आज नाही. ती पाने वहिनींनी अजून ठेवली आहेत.

तुम्ही चिंचवडला आहात आणि बहीण गावी आहे, म्हणून तुमची वही दोन ठिकाणची असेल. आईंना रोज एक ओळ लिहायला सांगा किंवा रात्री फोनवर विचारून तुम्ही लिहा. तारीख, काय घडले, बस. ‘आज जरा बरी होती’ असे लिहू नका. ‘कुकरच्या शिट्ट्या मोजल्या’, ‘भाजीवालीला सुटे पैसे बरोबर दिले’, ‘चावी हा शब्द आठवला नाही, हाताने फिरवून दाखवले’ असे लिहा. झोप किती तास, औषधे कोणती आणि केव्हा, आकडी आली का, हेही त्यात असू द्या. आणि ही वही तिच्यापासून लपवू नका. “तुझ्या डॉक्टरांना सांगायला मी लिहून ठेवते, तुला हवे तेव्हा वाच, नको ते खोड,” असे तिला सांगा. पुढे तिला वाटले तर तीच लिहील. आज मात्र ती वही गुणपत्रिका होता कामा नये.

याच कारणासाठी घरी तिची परीक्षा घेणे थांबवा. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारे लोक प्रेमानेच, पण आल्याबरोबर विचारतात, “ओळखलेस का मला? सांग बघू, मी कोण?” २२ वर्षांच्या मुलीला दहा जणांसमोर हा प्रश्न रोज विचारला, तर ती खोलीचे दार लावून घेणारच. पाहुण्यांनी आधी आपले नाव सांगावे आणि मग बोलावे, एवढे बाबांनी उंबऱ्यावरच सांगितले तर पुष्कळ फरक पडेल. शब्द सापडत नसेल, तर लगेच पुरवू नका. दहा-पंधरा सेकंद थांबा. दुपारची झोप हा आळस नाही, तिला झोपू द्या. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडे तिला पाठवण्याविषयी डॉक्टरांना विचारले नसेल, तर पुढच्या तपासणीत विचारा. बोलणे आणि दैनंदिन कामे परत शिकवण्याचे त्यांचे शास्त्र आहे.

वैद्यकीय बाबतीत मी तुमच्या डॉक्टरांच्या जागी बोलू शकत नाही, तरी तीन गोष्टींवर तुमचे लक्ष असावे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एकही गोळी, विशेषतः स्टेरॉइड किंवा आकडीचे औषध, आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नये. हा आजार काही रुग्णांत उलटतो. मघाशी सांगितलेल्या अभ्यासात दोन वर्षांत असे होण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. म्हणून पुन्हा झोप उडाली, बोलणे किंवा वागणे अचानक बदलले, तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली दिसल्या, आकडी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. तरुण मुलींमध्ये हा आजार कधीकधी अंडाशयातील टेराटोमा नावाच्या गाठीमुळे उद्भवतो, ती गाठ काढल्याने आजार आटोक्यात यायला मदत होते. त्यासाठीची तपासणी झाली आहे का आणि पुन्हा केव्हा करायची, हे कागदांत पाहून ठेवा. इथेही वही कामाला येते, कारण ‘अचानक बदलले’ हे ज्याला आधीचे माहीत आहे त्यालाच कळते.

तुम्ही तिला फोनवर रागावलात, त्याविषयी. पत्रात ते एकाच वाक्यात आहे, पण तेच वाक्य तुम्हाला रात्री झोपू देत नसावे, असे मला वाटते. या आजारात पहिल्या लक्षणांवरून पुष्कळ रुग्ण आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पोचतात. न्यू यॉर्कसारख्या शहरात डॉक्टरांनीही ते दारूचे परिणाम मानले. परीक्षेच्या तोंडावर झोप न येणारी मुलगी पाहून मोठ्या बहिणीला अभ्यासाचा ताण वाटला, यात गुन्हा नाही. तरीही ते मनात ठेवून तिच्यासाठी धावत राहू नका, कारण मग प्रत्येक मदतीला प्रायश्चित्ताचा वास येतो आणि घेणाऱ्याला तो कळतो. एकदा, दोघीच असताना, म्हणा: “तेव्हा तू आजारी होतीस, मला ते कळले नाही, मी तुला रागावले. माझे चुकले.” तिला तो फोन आठवत नसेल. तरीही म्हणा. मावशींवरही आता राग धरू नका, मात्र आजाराचे नाव त्यांना पाठ करून द्या. ‘बाहेरचे’ या शब्दाच्या जागी ठेवायला दुसरा शब्द माणसाजवळ असावा लागतो: प्रतिकारशक्तीमुळे आलेली मेंदूची सूज. साधा आहे, खरा आहे आणि कोणालाही सांगता येतो.

लग्नाच्या प्रश्नालाही हाच शब्द उत्तर आहे. कोणी विचारले तर सांगावे, की तिच्या मेंदूला सूज आली होती, उपचार चालू आहेत, हा आजार कोणाला लागत नाही, आणि लग्नाचे ती बरी झाल्यावर तिचे ती ठरवील. एवढ्यावर थांबावे. पुढे जेव्हा कधी तिने ते ठरवले, तेव्हा आजार लपवून काहीही होता कामा नये. लपवलेला आजार म्हणजे तिच्यावर कायमची टांगती तलवार, आणि त्या भीतीत औषधे चुकतात. कॉलेजकडे मात्र आत्ताच वैद्यकीय कागद देऊन ठेवा, म्हणजे तिचे नाव आणि वर्ष जाणार नाही. ती परत जाईल की नाही, हा प्रश्न आज सोडवायची गरज नाही.

आईबाबांची आणि तुमची स्वतःचीही काळजी घ्या. बोलायला कोणी हवे असेल, तर सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते, आणि तो केवळ रुग्णांसाठी नाही.

पुस्तकाची वेळ कशी ओळखायची, ते राहिले. एक दिवस ती तुम्हाला विचारील, “मी तेव्हा काय काय करत होते?” कदाचित सहज, भांडी पुसता पुसता विचारील. तेव्हा विषय बदलू नका, आणि सगळे एकदम सांगूही नका. जेवढे विचारले तेवढे सांगा. कोणी मोबाइलवर तिचे चित्रण केले असेल, तर ते डॉक्टरांसाठी जपा, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरले असेल तर ते काढून टाकायला लावा, आणि तिने मागितल्याखेरीज तिला दाखवू नका. सुझानाने स्वतःचे चित्रण नंतर पाहिले, पण पाहायचे हे तिने ठरवले होते. बहिणीने विचारायला सुरुवात केली, की पुस्तक तिच्या खोलीत ठेवा. इंग्रजी वाचणे जड जात असेल, तर घड्याळाचे पान तुम्ही मराठीत वाचून दाखवा. बरे होण्याच्या पानांपेक्षा ते पान तिला अधिक जवळचे वाटेल, असा माझा अंदाज आहे, कारण त्या पानावर सुझानाही बरी झालेली नाही.

तोवर वही सुरू करा. तिची पहिली नोंद तुमच्याजवळ आधीच आहे, फक्त तुम्ही ती पत्राच्या अखेरीस घाईत लिहून गेला आहात. कोणी न सांगता ती उठली, गॅस पेटवला, पाणी, दूध, पूड घालून चहा केला, मीठ पडले, तिने घोट घेतला, चूक तिची तिला कळली आणि ती हसली. ‘मध्यंतरी’ एवढेच तुम्ही लिहिले आहे. तो नेमका कोणता दिवस होता, ते आज रात्री आईंना फोन करून विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख घाला.